धोंडुबाईच्या हौश्याची झोप

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की तानाजी हवालदारानं लपवून ठेवलं. फौजेत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीच खेचरांच्या कंपनीत, बर्फाळ मुलखात. तिथं पहाऱ्यावर झोपणाऱ्याला माफी नसते. मी कधी झोपलो नाही. रिटायर होऊन गावी आलो, रहिमतपूरच्या पूर्वेला आमचं चार एकर उसाचं रान आहे, तर इथंही माझा पहारा सुरूच राहिला. दुधात पाणी कोण घालतंय, मोटारीची केबल कोण कापतंय, तोडीच्या टोळीनं ऊस जमिनीलगत तोडला का वर बुडखं ठेवलं, सगळीकडं माझं लक्ष. आमची मंडळी शालूबाई म्हणते, "आवं, देवळात बी तुमी चपलांकडं बघत हात जोडताय." खोटं नाही. मागं एकदा चप्पल गेली होती.

पण ही हकिकत माझी नाही, धोंडुबाईची आहे. आता ती सांगायची तर मला माझी अब्रू थोडी काढावी लागणार, त्याला इलाज नाही.

धोंडुबाई आटपाडीकडची. धनगराची बाई. वय विचारलं तर म्हणते, "लय झालं." पासष्ट तरी असेल. दरवर्षी दिवाळी झाली की शंभरभर मेंढरं, एक घोडं आणि घोड्यावर सगळा संसार घेऊन ती आमच्या बागायती पट्ट्यात उतरते आणि वळवाचे ढग दिसायला लागले की माघारी फिरते. त्यांच्या त्या मुक्कामालाच वाडा म्हणतात. ऊस तुटून रान मोकळं झालं की माझ्या रानात वाडा बसतो. दिवसा मेंढरं चरायला जातात, रात्री रानात बसतात, त्यांच्या लेंड्यांनी रान खतावतं, आणि बदल्यात मी बाईला ज्वारी देतो. तिचा नवरा केरबा होता तेव्हापासूनचा हा व्यवहार, वीस वर्षं झाली असतील. तरी पहिली काही वर्षं मी सकाळी जाऊन बघायचो, मेंढरं सगळ्या रानात फिरवून बसवली का एकाच कोपऱ्यात. धोंडुबाई चुलीपुढनं ओरडायची, "हवालदार, लेंड्या मोजून देऊ का?"

बाई मेंढरं कधी मोजत नाही. संध्याकाळी कळप बांधावरनं उतरायला लागला की ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहते. सगळी उतरली की म्हणते, "फुटक्या कानाची मागं ऱ्हायली." आणि खरंच फुटक्या कानाची मागं राहिलेली असते. मला सुरुवातीला वाटायचं, ही आधीच कुणाला तरी मागं ठेवत असेल, माझ्यावर छाप पाडायला. असा मी.

चार वर्षांपूर्वी केरबा गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपला. मुलगा जोतीराम लोणंदच्या एका कंपनीत लागलेला. त्याला ही भटकंती नको. "आये, इक आता मेंढरं, घरला बस," असं त्याचं चाललेलं. धोंडुबाई ऐकेना. पूर्वी केरबा मेंढरांमागं जायचा आणि ती वाड्यावर थांबायची. आता मेंढरांमागं तीच जाते. आणि वाड्यावर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, जी बारकी कोकरं असतात, ती कोण राखणार? तर हौश्या.

हौश्या म्हणजे तिचा कुत्रा. केरबानं पिल्लू असताना आणलेला, उंच, कानाला कात्री मारलेला. रंग घोंगड्यासारखा. आधीची तीन वर्षं मी त्याला बघितलेला. बांधावर पाय टाकायच्या आत उठून उभा राहायचा. भुंकायचा नाही फार. नुसता मधे येऊन उभा. त्याच्या जिवावर बाई निर्धास्त पाच-पाच मैल जायची. तीच म्हणायची, "हौश्या हाय तवर वाडा हाय. हौश्या गेला की जोतीरामाचं खरं."

यंदा पौषात वाडा आला. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी मी सहज रानात गेलो, तर हौश्या बाभळीखाली आडवा. मी जवळ गेलो. उठला नाही. खाकरलो. एक डोळा उघडला, शेपटी दोनदा आपटली आणि परत झोपला. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. त्याच संध्याकाळी बाईनं कळप उतरवला, वाघरीत डोकावली आणि म्हणाली, "पांढऱ्या खुराचं न्हाई."

कोकरू गेलं होतं. गळ्यात लाल दोरा आणि बारकं घुंगरू, ते तिच्या प्रत्येक कोकराच्या गळ्यात असतं. आजूबाजूला शोधलं, उसाचं वाळकं पाचट उलथंपालथं केलं, काही नाही. तीन दिवसांनी दुसरं गेलं. हौश्या दोन्ही वेळेला झोपलेला.

आता खेचरांची एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझं डोकं कसं चाललं ते कळेल. खेचर झोपतं किती? दोन-तीन तास, तेही बरंचसं उभ्या उभ्या. रस्ता बंद पडून चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, संपली, नुसत्या वाळल्या गवतावर दिवस काढायची वेळ आली, की रात्रभर त्यांच्या तोंडाचा कडकड आवाज ऐकू यायचा. झोप नावाला. चंदी परत सुरू झाली की लवकर पोट भरून निवांत डुलक्या घ्यायची. तरीसुद्धा भरदिवसा पाय पसरून घोरणारं जनावर मी कंपनीत एकदाच बघितलं, आणि त्याला डॉक्टरनं औषध टोचलेलं होतं. म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, "धोंडुबाई, कुत्र्याला कुणीतरी गुंगीचं घालतंय."

बाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"गुंगीचं न्हाई," ती म्हणाली. "त्यो भाकरी टाकतोय. निम्मी खातो, निम्मी टाकतो. त्याला कुणीतरी वशाट घालतंय."

"मटण खाल्लं म्हणून कुत्रं झोपतंय व्हय? काहीतरीच."

"आवं, मेंढराकडं बघा की. खातंय काय? वाळकं गवात, पाला. त्यात जीव किती? म्हून दिसभर त्वांड हलवायचं, आन बसलं की परत त्येच रवंथ करायचं. झोपंल कवा? डोळा लागतोय न लागतोय तवर जाग. लांडग्याचं तसं न्हाई. एक डाव खाल्लं की त्यो दोन दिस लोळतोय. पोटात माल हाय, मग जागून काय करायचंय त्याला?"

"अहो, पण हौश्या लांडगा न्हाई."

"मूळचा त्याच जातीचा. म्हून तर त्याला मेंढरागत खायाला घालायचं. सांजच्याला, समदी मेंढरं उतरल्यावर, बाजरीची भाकरी आन पातळ आंबील. एकाच हातानं. दिवसा कायबी न्हाई. मेंढरागत खाल्लं की त्ये मेंढरागत जागतंय." मग तव्यावर भाकरी टाकून ती म्हणाली, "आन एकदा वशाटाची चटक लागली की आमी त्याला कोकरांपाशी ठेवत न्हाई. देऊन टाकतो कुणाला तरी, गावात."

हे बोलताना ती माझ्या घराकडं बघत होती. मला ते झोंबलं. म्हणजे हिचा संशय आमच्यावर! आणि खरं सांगू, माझाही तिच्यावर होता. मला वाटत होतं, बाईच कोकरं गुपचूप विकत असेल आणि उद्या म्हणेल, हवालदार, तुमच्या रानातनं गेली, ज्वारी वाढवा. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून चहा पीत होतो आणि एकमेकांच्या कपाकडंही संशयानं बघत होतो.

घरी येऊन मी कपाट उघडलं. मला रिटायर झाल्यापासून झोप नाही, डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. पाकीट बघितलं तर दोन गोळ्या कमी. झालं! विश्वजीतला, माझ्या मुलाला, हाक मारली, शालूबाईला हाक मारली, दोघांना समोर उभं केलं आणि उलटतपासणी सुरू केली. शालूबाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "म्या खाल्ल्या."

"तू? का?"

"तुमी झोपत न्हाई, दर घटकंला उठून कडी वाजवताय. मग मी कशी झोपू?"

विश्वजीत हसत हसत त्याच्या शेडकडं निघून गेला. त्याचं कोंबड्यांचं शेड आहे, रानाच्या पलीकडच्या टोकाला, ब्रॉयलरचं.

दुसऱ्या दिवशी जोतीरामाचा फोन आला. बाईनं मोठा आवाज लावून माझ्या समोरच घेतला, तिला कानाला लावून ऐकू येत नाही. तो म्हणत होता, "आये, दोन गेली म्हनं. आता आनखी एक जरी गेलं तरी म्या ऐकायचा न्हाई. पुढच्या ऐतवारी येतो, यापाऱ्याला सांगून टेंपो आनतो आन समदी मेंढरं घालवतो. कुत्र्यात राम न्हाई, तुज्यात न्हाई." बाईनं फोन बंद केला आणि पदराच्या गाठीत बांधला. गाठ तिसऱ्या वेळेला बसली. मी वीस वर्षांत तिला असं बघितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि लगेच मनात आलं, नाटक तर नसेल? स्वतःचीच लाज वाटली मला. थोडी.

मग मी म्हणालो, "बाई, उद्या पहारा माझा. बघतोच कोण मायचा लाल येतोय."

तो दिवस रविवारचा. सकाळी मी शालूबाईला सांगितलं, आज ड्यूटी आहे, पोटभर जेवण पाहिजे. तिनं मटण आणलं. रस्सा झणझणीत, चार भाकरी, वर भात. पहाऱ्यावर ताकद लागते, असं माझं म्हणणं. जेवून, काठी घेऊन, टोपी घालून मी रानात गेलो आणि बाभळीच्या पलीकडं, पाचटाच्या ढिगाला टेकून बसलो. तिथनं वाघर दिसत होती, कोकरं दिसत होती, आणि हौश्याही. तो पडलेलाच होता. ऊन उबदार होतं. मी मनात म्हणालो, झोप लेका, तुझ्या नावानं मी जागतो.

जाग आली तेव्हा सूर्य कलला होता. माझ्या तोंडाला लाळ आलेली, गालावर पाचटाचे वळ. कळप बांधावरनं उतरत होता आणि धोंडुबाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती. ती मेंढरांकडं बघत नव्हती. वाघरीकडं बघत होती.

"चितकबरं गेलं," ती म्हणाली.

मी उठलो. बावीस वर्षं फौजेत, एकदा पापणी लवली नाही, आणि इथं भरदिवसा माझ्या नाकासमोरनं कोकरू नेलं. बाई माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "हवालदार, आज काय खाल्लंसा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. आणि तिथं उभ्या उभ्या मला पटलं की बाईचं खरं आहे. हौश्याला गुंगीचं कुणी घातलेलं नाही. हौश्या कुठंतरी जेवतोय.

सोमवारी मी नुसतं ताक प्यालो. शालूबाईला वाटलं उपास आहे. बाई कळप घेऊन बांधापलीकडं दिसेनाशी झाली आणि मी पाचटात दबा धरून बसलो. पोटात कावळे ओरडत होते, पण डोळे टक्क उघडे. अर्ध्या तासानं हौश्या उठला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अगदी चोरासारखं, आणि पाटाच्या कडेनं चालायला लागला. मी मागं.

पाट आमच्याच रानातनं जातो. पुढं चिंचेपाशी मला जमिनीत काही उंचवटे दिसले. ओळीनं. कडेला चुना सांडलेला, एका ठिकाणी मातीला कोंबडीचं पीस चिकटलेलं, प्रत्येकावर काटेरी फांद्या आणि वर दगड. मी थांबलो. हे काय ते मला लगेच कळलं.

रविराज नावाचं आमच्या गावातलं पोरगं, लग्न झालेलं, दोन लेकरांचा बाप, विश्वजीतच्या शेडवर कामाला होतं. रोज सकाळी ते पाठीवर पोतं टाकून शेडच्या मागनं कुठंतरी जायचं. मला संशय आला. पोत्यात जिवंत कोंबड्या घालून विकतोय, दुसरं काय! दिवाळीच्या आठवड्यात मी त्याला चारचौघांत चोर म्हणालो आणि घालवून दिलं. पोत्यात काय आहे ते एकदाही बघितलं नाही. त्यात मेलेल्या कोंबड्या असायच्या. थंडीत शेडात रोज थोड्या मरतातच. त्या त्यानं इतक्या लांब आणून, हातभर खोल खड्डे खणून, चुना टाकून पुरल्या होत्या, जनावरांना वास लागू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला एवढं करायला.

हौश्या पुढं निघून गेला होता. मी त्याच्या मागं शेडच्या कुंपणापाशी पोचलो. तिथं एक उथळ खड्डा, उघडा. पिसांचा खच. रविराज गेल्यापासून मेलेल्या कोंबड्या तिथंच फेकल्या जात होत्या. चार मोकाट कुत्री सावलीत पोटं वर करून लोळत होती, आणि पाचवा हौश्या, तोंड खड्ड्यात घालून मनसोक्त जेवत होता. खड्ड्याच्या कडेला मला एक लाल दोरा दिसला. उचलला. घुंगरू वाजलं.

त्या चार कुत्र्यांनी कोकरं नेली, हे दिसतच होतं. एकदा चटक लागल्यावर ती हौश्याच्या वासानं वाड्यापर्यंत आली असणार. पण हौश्यानं त्यांना नुसतं येऊ दिलं का त्यांच्यात बसून खाल्लं, ते मला कळेना. कुत्र्याला काय विचारणार?

विश्वजीतला मी शेडवरच गाठलं. ओरडायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "आबा, मी एकटा काय काय करू? पुरणारा माणूस तुमीच घालवला की." मी तिथनंच माघारी फिरलो.

आता सांगायचं का दडवायचं? खोटं बोलत नाही, पाटावरनं परत येईपर्यंत मी दडवायचाच विचार करत होतो. खड्डा बुजवून टाकू, कुणाला कळणार नाही, कोकरं नेली कुणी तर वाटेवरच्या चोरांनी. पण खिशात ते घुंगरू होतं आणि पाऊल टाकलं की ते वाजत होतं. संध्याकाळी बाईच्या चुलीपुढं जाऊन बसलो, घुंगरू तिच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. खड्डा, शेड, रविराज, रविवारची माझी झोप. "आमच्याच घरचं हाय हे सगळं, बाई. माझ्यापास्नं सुरू झालं."

तिनं घुंगरू बोटानं फिरवून बघितलं. मग म्हणाली, "हौश्याच्या मिशीला पीस चिकटल्यालं म्या पयल्या दिवशीच बघितलं व्हतं."

"मग बोलला का न्हाईत?"

"आवं, आमी परमुलखात हिंडनारी मानसं. ज्याच्या रानात बसायचं, त्याच्याच घराकडं बोट दावायचं? उद्या आमाला कोन बसू देतंय?" ती माझ्याकडं रोखून बघत होती. "वाट बघत व्हते, तुमी सांगताय का दडवताय."

वीस वर्षं मी या बाईच्या लेंड्यांवर नजर ठेवून होतो. आणि हे आठ दिवस ती मला तोलत होती.

"आता हौश्या?" मी विचारलं.

"इचारच करतीया." ती म्हणाली. "केरबाच्या हातचा हाय वो त्यो. दुसऱ्या कुनाचं कुत्रं असतं तर म्याच सांगितलं असतं, दे गावात टाकून. पर हौश्याला टाकला की वाडा मोडलाच. जोतीराम ऐतवारी येतोय." तिनं डोळ्याला पदर लावला. मी चुलीत एक लाकूड सारलं.

ते सहा दिवस असे गेले. खड्डा मी स्वतः खणला, माझ्या हातानं, कंबरेएवढा, चिंचेखाली रविराजच्या ओळीलाच लागून. चुना, माती, काटे, दगड, सगळं त्याच्यासारखं. मोकाट कुत्री दोन दिवस घुटमळली आणि गेली. हौश्याला बाईनं बाभळीला बांधला. भाकरी आणि आंबील, संध्याकाळी, तिच्याच हातानं. पहिले दोन दिवस त्यानं ताटलीला तोंड लावलं नाही, नुसता गळा काढून रडला. शालूबाईचा जीव तुटायला लागला, ती म्हणाली, "घालू का एक हाड?" मी तिच्यावर असा ओरडलो की पलीकडचे भाऊबंद बांधावर आले. तिसऱ्या दिवशी हौश्यानं आंबील चाटली. पाचव्या दिवशी दुपारी मी लांबून बघितलं, तर तो बसलेला होता. पडलेला नव्हता, बसलेला. कान उभे. त्या दिवसांत मीही भाकरी-ताकावरच होतो; मटणाचं नाव काढवत नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमाराला जोतीराम मोटारसायकलवरनं आला. टेंपो मागनं येतोय म्हणाला. मला राम राम केला आणि आईपुढं जाऊन उभा राहिला. धोंडुबाईनं त्याला पाणी दिलं. मग उठून हौश्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि माझ्याकडं वळली.

"हवालदार, वाघरीत जावा आन एक कोकरू उचला."

"मी?"

"तुमीच. त्यो तुमाला वळखतो. वळखीच्याला अडवतोय का बघू."

जोतीराम हसला. "आये, त्यो काय अडवतोय. आता शेपूट हलवंल बघ."

मी निघालो. मनात एकच चाललं होतं, की हौश्या, आज शेपूट हलवू नको रे बाबा. वाघरीची जाळी वर केली. कोकरं ओरडत कोपऱ्यात सरकली. मी वाकून एकाच्या पोटाखाली हात घातला.

हौश्या भुंकलासुद्धा नाही. मागनं येऊन माझी पोटरी धरली आणि धरूनच ठेवली. मी बोंब मारली. कोकरू हातातनं सुटलं, मी आडवा झालो, टोपी एकीकडं, काठी एकीकडं. धोंडुबाईनं "हौश्या!" म्हणून हाक मारली तेव्हा कुठं त्यानं सोडलं, आणि सोडून लांब गेला नाही, माझ्या आणि कोकरांच्या मधे येऊन उभा राहिला. मी जमिनीवर पडून त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यात माझ्याबद्दल काडीचाही विश्वास नव्हता.

"आता बोल," धोंडुबाई जोतीरामाला म्हणाली.

जोतीरामानं फोन काढला आणि टेंपोवाल्याला सांगितलं, माघारी फीर. मग त्याच्याच गाडीवर बसवून मला दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं जखम धुतली, सुई भरता भरता विचारलं, "कुत्रं पिसाळलेलं वाटत होतं का?" मी म्हणालो, "न्हाई. लय शहाणं हाय."

इंजेक्शनं पुरी झाली, पोटरीवर चार दातांचे वण राहिले. रविराजच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा त्यानं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तात्या, चारचौघांत म्हणाला होतात ना? मग चारचौघांत सांगा." ते मी मंदिराच्या पारावर, लोकांसमोर सांगितलं. तो कामावर आला नाही ते नाहीच. त्याचा हक्क आहे.

धोंडुबाई वळवाच्या आधी आटपाडीला गेली, कळप घेऊन, हौश्या पुढं. जायच्या दिवशी मी बांधावर उभा राहिलो, रानात पाय टाकला नाही, कारण टाकला असता तर हौश्यानं परत धरलं असतं. बाई बांधापाशी आली. ज्वारीचं पोतं घोड्यावर चढलं होतं.

एक गोष्ट तिला विचारायची माझ्या ओठांवर आली होती. वाघरीत पाठवायला तिचा लेक होता, आमचे भाऊबंद होते, मग तिनं मलाच का पाठवलं? हौश्या चावणार हे तिला आधीच माहीत होतं का? माझ्या त्या मटणाचा, त्या झोपेचा, वीस वर्षांच्या माझ्या पहाऱ्याचा हिशेब बाईनं कुत्र्याकडनं चुकता केला का? तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलल्यासारखं मला वाटलं. संशय तर पक्का होता.

मी विचारलं नाही. "जपून जावा," एवढंच म्हणालो, आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.